माळ्यावरचा कॉम्प्युटर

कोकणात चतुर्थीला मुंबईहून माणसे येतात, तसे सामानही येते. मुंबईच्या घरात नवा टीव्ही आला की जुना गावाला, नवे कपाट आले की जुने गावाला. इन्सुलीतल्या आमच्या घरातल्या निम्म्या वस्तूंना असा मुंबईचा पूर्वजन्म आहे. त्याच वाटेने काही वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या चुलतभावाकडून एक कॉम्प्युटर आला. ‘पोरांना शिकायला होईल’ म्हणून आला, पण तोवर पोरांच्या हाती मोबाइल आले होते. वर्षभर त्यावर पत्त्यांचे डाव झाले. मग एका पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या तशी कोणीतरी पिन काढली, ती परत लागलीच नाही. काकीने त्याच्यावर जुने लुगडे पांघरले आणि तो माळ्यावर गेला.

२०२५ च्या दिवाळीत भावाचा फोन आला. विंडोज १० बंद झाले, तो डबा आता काही कामाचा नाही, भंगारवाल्याला देऊन टाका. भंगारवाला दारात आला, त्याने वजनावर भाव सांगितला. आई देऊन मोकळी झाली असती. पण काकी आडवी आली. “र्‍हवांदे तो. माका व्हयो.” घरात सगळे हसले. काकी सातवी शिकलेली, साठीला टेकलेली, तिला कॉम्प्युटर कशाला? मीही हसले, हे इथे कबूल करते. स्त्रियांच्या हक्कांचे काम करणारी, एम.एस.डब्ल्यू. झालेली मी, आणि तरी माझ्या हसण्यात ‘तिला काय कळणार’ हेच होते.

काकी आत गेली आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात तिचा सगळा संसार होता. काकांचा मृत्यूचा दाखला, आधारच्या झेरॉक्स, सात-बाराचा उतारा (त्यावर नावे इतकी की तिचे शोधावे लागते), बचत गटाच्या पावत्या, काजू विकल्याच्या चिठ्ठ्या. काही कागद दमट हवेने एकमेकांना चिकटलेले, एका पावतीला वाळवी. “दर खेपेक बांद्याक जावचा, तेंका पैसे देवचे, आनी कागद तेंच्या मशिनीत र्‍हवतत. माझे कागद माझ्या घरात कित्याक र्‍हवाचे नाय?”

मैत्रिणींनो, हा प्रश्न मला अग्रलेखाचा विषय वाटला.

आपल्यापैकी प्रत्येकीच्या कामात गेल्या दोन वर्षांत ‘लाडक्या बहिणी’चे अर्ज आले असतील. २०२४ च्या जुलैपासून दरमहा १५०० रुपयांसाठी किती बायका सेतू केंद्रांवर रांगेत उभ्या होत्या ते आपण पाहिले. २०२५ मध्ये ई-केवायसी आली, तीत पतीचा किंवा वडिलांचा आधार मागितला गेला. ज्यांना दोघेही नाहीत त्या बायका अडल्या. सरकारला मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवावी लागली आणि अशा बायकांसाठी वेगळी सोय करावी लागली. योजनेविषयी आपली मते वेगवेगळी असतील, त्यावर पुन्हा कधीतरी लिहू. इथे मला एवढेच दिसते की सरकार बाईशी आता संगणकातून बोलते आणि बाईचे उत्तर दुसऱ्या कोणाच्या तरी बोटांतून जाते. दुकानदाराच्या, भाच्याच्या, सरपंचाच्या पोराच्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे सांगितले, बायकांमध्ये हे प्रमाण ३३.३ टक्के होते. त्यानंतर मोबाइल वाढले, आकडाही वाढला असेल. पण मोबाइल कोणाच्या नावावर, कोणाच्या खिशात, आणि तो कोण कधीही उघडून बघू शकतो, हे प्रश्न आकड्यात येत नाहीत.

घरात नवी वस्तू आली की ती आधी कोणाची होते, हे आपल्याला सांगायला नको. बाईच्या वाट्याला ती जुनी झाल्यावर येते. ‘तिला एवढे पुरे’ या न्यायाने आलेल्या वस्तूवर खूश व्हावे का, असे एका कार्यकर्तीने मला विचारले. तिचे म्हणणे बरोबर आहे. नव्यावरचा हक्क आपण सोडायचा नाहीच. पण माळ्यावर जे आधीच पडून आहे आणि ज्यावर कोणी हक्क सांगत नाही, ते काकीने मागितले यात मला दैन्य दिसत नाही. कोणी हक्क सांगत नाही म्हणूनच ते पूर्णपणे तिचे होऊ शकले.

‘टाकाऊतून टिकाऊ’ या सदराने बायकांच्या मासिकांची पाने वर्षानुवर्षे भरली. बल्बची फुलदाणी, साडीचे पायपुसणे. कॉम्प्युटरचेही आता तसे चालले आहे. मॉनिटरची मासोळीटाकी करा, कीबोर्डच्या बटणांची कानातली करा. मला त्यात काही गंमत वाटत नाही. शिवाय जुन्या पेटीसारख्या मॉनिटरच्या काचेत किलो-दीड किलो शिसे असू शकते, तो फोडून मासे पाळणे हा शुद्ध वेडेपणा आहे. कॉम्प्युटरचा सर्वांत चांगला नवा उपयोग म्हणजे कॉम्प्युटर म्हणूनच, फक्त दुसऱ्या हातांनी.

आता आम्ही काय केले ते सांगते, कारण तुमच्याकडेही असा एखादा लुगड्याखाली असेल.

पहिली गोष्ट, विंडोज १० ‘बंद’ झालेले नाही. १४ ऑक्टोबर २०२५ पासून कंपनीने त्याचा नेहमीचा मोफत आधार थांबवला, म्हणजे सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या आपोआप यायच्या राहिल्या. यंत्र चालायचे ते चालतेच. विंडोज ११ जुन्या यंत्रांवर बसत नाही, कारण त्याला ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर आणि सुरक्षेची एक चिप लागते. म्हणजे यंत्र म्हातारे झाले म्हणून नव्हे, तर नवा कायदा आला म्हणून बाद ठरले. बायकांना हे नवे नाही!

आम्ही डबा उघडला तेव्हा आत मुंग्यांचे घर होते. मऊ ब्रशने ते साफ केले. घड्याळ भलतीच तारीख दाखवत होते, त्याला आत नाण्याएवढा सेल असतो तो बदलला. रॅम चार जीबी होती, ती पुरली. हार्ड डिस्क कुरकुरत होती, तिच्या जागी नवी एसएसडी घातली. खर्च झाला तो एवढाच आणि तो काकीने काजूच्या पैशातून केला, माझे घेतले नाहीत. मग विंडोज काढून लिनक्स मिंट घातले. ते फुकट मिळते, पेन ड्राइव्हवर उतरवून घेता येते, आणि यंत्रावर काहीही न बदलता आधी नुसते चालवून बघता येते. हे करून बघितल्याशिवाय कोणी पुढे जाऊ नये. लिब्रे ऑफिस मराठीत दिसते, मराठी टंकलेखनाची सोय आतच असते. जुना प्रिंटर मात्र शेवटपर्यंत जुळला नाही, त्यात आमचे दोन रविवार गेले. वाडीतली एक मुलगी एमएस-सीआयटी झालेली, तिच्या मदतीने बाकीचे जमले. २००१ पासून या अभ्यासक्रमाला आपल्या लाखो मुली बसल्या आहेत, प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर आहे आणि पुढे यंत्राला हात लागलेला नाही, अशा कितीतरी. गावात जुने यंत्र दुरुस्त करायला बाहेरचा माणूस शोधण्याआधी या मुलींना विचारा.

यातले काही आम्ही शोधून काढलेले नाही. आमच्या गावापासून पलीकडे गोव्याची हद्द लागते. (इन्सुलीचे नाव बाहेरच्यांना माहीत असते ते तपासणी नाक्यामुळे, गोव्याहून येणारी दारू पकडल्याच्या बातम्यांतून.) त्याच गोव्यात २००२ च्या आसपास ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ने अमेरिकेत वापरून झालेले शेकडो कॉम्प्युटर जहाजाने आणून शाळांना दिले आणि त्यांवर लिनक्स वापरले. परदेशी गेलेले गोवेकर आणि इथले स्वयंसेवक यांनी ते केले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडची जुनी यंत्रे शाळेत चालू शकली, तर डोंबिवलीचे एक आपल्या पडवीत का चालू नये?

यंत्रापेक्षा कठीण गेले ते दुसरेच. पहिल्या दिवशी काकी स्टुलावर बसली, माऊस हातात धरला, बाण पडद्याबाहेर पळू लागला. भावाचा मुलगा सुट्टीला आला होता. तो चटकन पुढे झाला, “आजी, तू बाजूक सर, मी करून दितंय.” त्याचा हेतू वाईट नव्हता. पण शिबिरांमध्ये मी हेच दर वेळी पाहिले आहे. शिकवणारा माऊस स्वतःच्या हातात घेतो, भराभर चार ठिकाणी टिचक्या मारतो, ‘बघितलं? सोपं आहे’ म्हणतो आणि बाई म्हणते, हो. घरी गेल्यावर तिला काहीच आठवत नाही आणि दोष ती स्वतःला देते. आम्ही त्या दिवसापासून एकच शिस्त ठेवली, माऊसला तिच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. तोंडाने सांगा. एक दाखला फोटो काढून त्यात ठेवायला, त्याला नाव द्यायला आणि पुन्हा शोधायला काकीला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी तिने एकटीने अकरा कागद ठेवले. डबा तिने टाकला नाही, आणि टाकूही नये, मूळ कागद तो मूळच. प्रती मात्र दोन जागी हव्यात, एक यंत्रात आणि एक पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह तिच्या ट्रंकेत असतो.

आता जरा सावधगिरीचे. समुपदेशनासाठी येणाऱ्या बायकांच्या संदर्भात हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नवऱ्याने वापरलेला कॉम्प्युटर बायकोकडे आला, तर तो रिकामा येत नाही. त्यात पासवर्ड साठवलेले असतात, खाती उघडी असतात, आणि कधी कधी ती काय करते ते दुसरीकडे कळवणारा प्रोग्रॅमही असू शकतो. बाई त्यावरून वकिलाला पत्र लिहिते आणि संध्याकाळी घरात त्याच पत्रातले वाक्य तिला ऐकवले जाते. अशा यंत्रावर आधी नव्याने प्रणाली घालावी, मगच स्वतःचे काही लिहावे, आणि स्वतःच्या खात्यांचे पासवर्ड दुसऱ्या, विश्वासाच्या यंत्रावरून बदलावे.

पण इथेच उलट बाजूही आहे. त्याच यंत्रात धमक्यांची पत्रे, फोटो, पैशांचे व्यवहार असतील, तर ते पुसण्याची घाई करू नका. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली किंवा पोटगीच्या दाव्यात तो पुरावा असू शकतो. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला, त्याच्या कलम ६३ प्रमाणे संगणकातील नोंद न्यायालयापुढे ठेवताना ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र जोडावे लागते. जुन्या कायद्यातही ६५-ब खाली ते होतेच, आता त्यात त्या नोंदीचा ‘हॅश’, म्हणजे एक प्रकारचा अंगठ्याचा ठसा, द्यावा लागतो. म्हणून यंत्र बंद करा, बाजूला ठेवा, आधी वकिलाशी बोला. साफसफाई हा आपला स्वभाव झाला आहे, पण काही धूळ झाडायची नसते.

आमच्या संस्थेच्या कपाटात याहूनही जुना एक कॉम्प्युटर आहे. विंडोज एक्सपीचा, फ्लॉपीच्या खाचेचा. तो फेकण्याचा ठराव दोनदा झाला, दोनदा राहून गेला. यावर्षी जुन्या अंकांचा आणि शिबिरांच्या अहवालांचा संग्रह करायला घेतला, तेव्हा त्याची किंमत कळली. त्या काळी मराठी अक्षरांची सोय प्रत्येक कंपनीने आपापल्या पद्धतीने केली होती. एका फाँटमध्ये जिथे ‘क’ तिथे दुसऱ्यात भलतेच. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्या छपाईच्या कामात ते यायला फार वर्षे लागली. त्यामुळे आपल्या मोर्चांची पत्रके, बायकांच्या जबान्या, पहिल्या अंकांची संपादकीये आज नव्या यंत्रावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. जुन्या यंत्रावर तो फाँट आहे, त्या प्रोग्रॅमचे मागे लावायचे कुलूप आहे, तिथे मराठी मराठीसारखी दिसते. आम्ही त्या यंत्राला नवे काही घातले नाही, इंटरनेट जोडले नाही. तो आता फक्त वाचक आहे. तिथे उघडायचे, छापून घ्यायचे किंवा मजकूर नव्या लिपीत बदलून घ्यायचा. निम्म्याहून अधिक फ्लॉपी बुरशीने गेल्या. कोकणातली हवा चळवळीचा इतिहास बघत नाही. ज्या संस्थांच्या कपाटात अशा फ्लॉपी आहेत त्यांनी पुढच्या पावसाळ्याची वाट पाहू नये, आणि ज्यांच्याकडे असा बावळट दिसणारा जुना कॉम्प्युटर आहे त्यांनी तो फेकण्याआधी आम्हाला पत्र टाकावे. पीडित बायकांच्या नावानिशी असलेल्या नोंदी मात्र वेगळ्या काढून कुलपात ठेवा, त्या संग्रहात घालायच्या नाहीत.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या मदतीने त्या संगणकात नीट लावल्या गेल्या. आज त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. त्या वेळचे यंत्र आजच्या काकीच्या यंत्रापुढे काहीच नसणार. आमच्याकडच्या फुगड्यांची गाणी अजून बायकांच्या तोंडात आहेत, ती कोणी कधी लावून ठेवणार?

आणि जे खरोखरच चालत नाही, त्याचे काय? भंगारवाल्याने सांगितलेला वजनाचा भाव कुठून येतो हे आपल्याला माहीत असले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये काढलेल्या ई-कचऱ्याच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन असा कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला मोठा भाग दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत उघड्यावर फोडला जातो. तांब्यासाठी वायरी जाळायच्या, धातूसाठी पट्ट्या आम्लात बुडवायच्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अंदाज दिला की कचऱ्याच्या असंघटित कामात जगभर १ कोटी २९ लाख बायका आहेत आणि त्यांना व त्यांच्या पोटातल्या मुलांना या विषाचा धोका आहे. शिसे गर्भापर्यंत पोचते. म्हणजे एका बाईच्या माळ्यावरची अडगळ दुसरीच्या अंगणात जळते. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून परिसर विकासच्या कामातून कचरा वेचणाऱ्या बायकांना संघटित केले. कचरा हा बायकांच्या श्रमाचा प्रश्न आहे, हे या बायकांनी आपल्याला शिकवले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांवर पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे आणि दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांचीही नोंदणी त्यात आहे. तालुक्याच्या गावात मात्र नोंदणी झालेला गोळा करणारा सहज सापडत नाही. ग्रामसभेत हा विषय घ्यायला हरकत नाही. वर्षातून एकदा पंचायतीने असा कचरा वेगळा गोळा करून नोंदणीकृत केंद्राकडे पाठवावा, एवढी मागणी कोणत्याही गटाला करता येईल. आणि देण्याआधी डिस्क काढून घ्या. फाइल पुसली म्हणजे गेली असे होत नाही, ती शोधून काढता येते.

काकीचा कॉम्प्युटर आता पडवीत आहे, देवघराच्या भिंतीला लागून, कारण तिथेच अर्थिंगचा सॉकेट आहे. विजा सुरू झाल्या की ती स्वतः पिन काढते, आणि परत लावतेही. बँकेचे काम त्यावर ती करत नाही, करू नको असेच मी सांगितले आहे. बचत गटाच्या दोघीतिघी कधी कधी येऊन बसतात.

यंदाच्या काजूच्या हंगामात तिने रोजची वेच लिहून ठेवली. तारीख, किलो, भाव, किती मजुरीला गेले, किती हातात आले. आमच्या घरात काजू सामाईक, बाग पुरुषांच्या नावावर, वेचायला काकी. चाळीस वर्षे ती वेचते आहे आणि हंगामाअखेर किती झाले हे तिला दर वर्षी कोणीतरी सांगत आले. यंदा मे महिन्यात तिने मला बोलावून खालच्या रकान्यातली बेरीज दाखवली. मला तो आकडा ठाऊक आहे, घरात आणखी कोणाला नाही. “इतक्यात सांगू नको,” ती म्हणाली. “आधी माका मागच्या चिठ्ठ्ये घालूक व्हये.” डब्यात सहा वर्षांच्या चिठ्ठ्या आहेत. सध्या ती २०२२ घालते आहे.